हळदीचा पदर आणि उभी चौकट: भोगवे किनाऱ्यावरच्या एका गाण्याच्या व्हिडिओचं प्रकरण

"पदर नीट दिसेल, काळजी करू नकोस." ही ओळ मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तेव्हा पौष चालू होता आणि मी कुडाळच्या घरी पडवीत बसून भाड्याच्या गाडीचा हिशेब करत होते. पलीकडे होती सावंतवाडीजवळ राहणारी एक डिझायनर. वय सव्वीस-सत्तावीस, मला ताई म्हणते. तिची एकुलती एक हळदी नऊवार मला एका गाण्याच्या व्हिडिओसाठी उसनी हवी होती. ती ओळ वाचून तिने साडी दिली. दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला, "ताई, माझा पदर कुठाय?"

मधल्या काळात काय काय झालं ते इथे मांडते आहे. नाव कुणाचंच घेत नाही. यातले सगळे अजून एकमेकांबरोबर काम करतात, आणि मलाही करायचं आहे.

कोण कशासाठी आलं होतं

गाणं मालवणी, साडेतीन मिनिटांचं, गायिकेने पदरचे पैसे घालून केलेलं. बंदरावर मासळी घ्यायची, बाजारात विकायची आणि संध्याकाळी घरी यायचं, अशा एका बाईचा दिवस. दिग्दर्शक मूळचा देवगडकडचा, आता मुंबईत जाहिराती करतो. कपड्यांसाठी ४०,००० रुपये होते. त्यात पाच लुक, माझी मदतनीस, गाडी आणि धुलाई. एवढ्यात डिझायनरला मोबदला द्यायला काही उरत नाही, म्हणून या धंद्यातला नेहमीचा सौदा झाला: कपडे उसने, बदल्यात नाव आणि फोटो. मला हा सौदा आवडत नाही. तरी मी तो दर महिन्याला करते.

मी स्टायलिस्ट आहे. म्हणजे काय, हे माझ्या आईलाही अजून नीट कळलेलं नाही. वेशभूषाकार पात्रासाठी कपडे घडवतो. भारतीयाला मिळालेलं पहिलं ऑस्कर १९८३ साली वेशभूषेसाठी मिळालं, ते कोल्हापूरच्या भानू अथैयांना. त्या परंपरेत कपडा पात्राच्या पोटातून येतो. मी मात्र दुसऱ्याने घडवलेले कपडे निवडते, मागून आणते, अंगावर बसवते, कॅमेऱ्यासमोर सांभाळते आणि परत करते. डिझायनरला तिचा कपडा दिसायला हवा असतो. दिग्दर्शकाला त्याचं दृश्य हवं असतं. दोघांनाही "होईल" म्हणणारी मधली बाई मी. या प्रकरणात मी दोघांना जे "होईल" म्हटलं, ते एकच नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं.

साडी

हातमागावरचं जाडसर सुती कापड, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. अंग हळदीचं पिवळं, काठ काळा, पदरावर काळ्याचे चार आडवे पट्टे. रंग सगळा तिच्या घरामागच्या मांगरात, म्हणजे खोपटात, केलेला. हळद एकटी उन्हात टिकत नाही, आठवड्याभरात फिकी पडते. म्हणून तिने तुरटी आणि डाळिंबाच्या सालीची जोड दिली होती. काठाचा काळा आणखी मजेचा आहे. गंजकी खिळे-पत्रे गुळाच्या पाण्यात दोन-तीन आठवडे आंबवायचे, कापड आधी हिरड्याच्या काढ्यात बुडवून घ्यायचं आणि मग त्यावर हे लोखंडाचं पाणी लावायचं. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र आले की कापड डोळ्यांदेखत राखाडी होतं, पुढे काळं पडतं. मी ते पाहायला गेले होते तेव्हा मांगरात गुळाचा आंबूस वास आणि लोखंडाचा तोंडात चव येईल असा वास, दोन्ही एकदम होते.

तिच्याकडे बारीक चौकड्याची एक साडीही होती. मला तीच जास्त आवडली होती. पण पडवीत ती दोरीवर टाकून कॅमेरामनने पंधरा फुटांवरून मॉनिटरवर दाखवली, तर चौकड्यांवर पाण्यासारख्या रंगीत लाटा धावायला लागल्या. नक्षी इतकी बारीक झाली की ती कॅमेऱ्याच्या पिक्सेलच्या जाळीशी भांडायला लागते. जवळून घेतलं तर ठीक, लांबून घेतलं की लाटा. आमची निम्मी दृश्यं लांबची होती, म्हणून चौकडा गेला आणि हळदी आली. ही निवड बरोबर होती असं मला आजही वाटतं.

नेसवण्यासाठी मी दशावतारात, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, स्त्रीपार्ट करणाऱ्या एका काकांना बोलावलं. मुंबईहून साडी नेसवणारी बाई आणायची तर येण्याजाण्याचाच खर्च वाढतो, हे एक कारण. खरं कारण असं की देवळामागच्या काळोखात, आरशाचा तुकडा समोर धरून, स्वतःचा चेहरा स्वतः रंगवून नऊवार नेसणारा आणि ती नेसून रात्रभर उभा राहणारा माणूस कापडाला जसा ओळखतो तसा पिनांचा डबा घेऊन फिरणारा ओळखत नाही. काकांनी एकही पिन लावली नाही. कमरेला एक गाठ मारली, काष्टा मागे ओढून खोचला, दोन्ही अंगठे काठाखालून फिरवले, आणि गायिकेला म्हणाले, "आता बसान दाखव. उठ. धाव." ती धावली. काहीही सुटलं नाही.

पण त्यांनी साडी गुडघ्याच्या जरा खाली ठेवली होती, गाबीत, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजातल्या, बायका पाण्यात उतरताना नेसतात तशी. दिग्दर्शकाला ती घोट्यापर्यंत हवी होती. "काळा काठ जमिनीवर लोळला पाहिजे," तो म्हणाला. मी मान डोलावली, कारण काठ दिसला तर डिझायनर खूश होईल असा माझा हिशेब. काका एवढंच बोलले, "घोट्यापर्यंत नेसवलात तर काठ भिजतलो." आणि मग, पदर सोडलेला बघून, "वाऱ्याक पदर दिलात तर तो तुमचो रवाचो नाय."

दोन्ही खरं ठरलं. त्या वेळी आम्ही हसलो.

रेकी अष्टमीला, शूटिंग पौर्णिमेला

जागा भोगव्याची. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथून दक्षिणेला पसरलेली ती लांब पुळण. पलीकडे निवतीचा किल्ला दिसतो. चिपीचा विमानतळ जवळ असल्याने ड्रोनचा विषय मी पहिल्याच बैठकीत मिटवला. आणि माघ म्हणजे कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येण्याचे दिवस, म्हणून सूर्य बुडाला की एकही दिवा लावायचा नाही हेही ठरलं. हे दोन निर्णय चांगले झाले. तिसऱ्याचं बोलू.

रेकी, म्हणजे जागेची पाहणी, माघ शुद्ध अष्टमीला दुपारी बाराच्या सुमाराला केली. खडकांच्या पट्ट्यापुढे छान रुंद वाळू होती. दिग्दर्शकाने तिथे दगड मांडून कॅमेऱ्याची जागा ठरवली. सात दिवसांनी, पौर्णिमेला, सकाळी साडेनऊ-दहाला आम्ही त्या खडकांपाशी पोचलो तर वाळूही नव्हती, दगडही नव्हते. पाणी खडकांना भिडलं होतं आणि अजून चढत होतं.

कोकणात वाढलेल्या कुणालाही याचं उत्तर तोंडी येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात अष्टमीचं पाणी भांगाचं, मवाळ, आणि पौर्णिमेचं उधाणाचं. माझे आजोबा हा हिशेब बोटांवर करायचे. मी त्यांची नात, कुडाळची, हातात भरतीची वेळ दाखवणारा मोबाइल, आणि मी कपड्यांच्या याद्या करत बसले होते. वेळापत्रक बघणं माझं काम नव्हतं असं म्हणून मी सुटू शकते. पण घोट्यापर्यंत नेसवलेली साडी खाऱ्या पाण्याजवळ न्यायची तर पाणी कुठे असेल हे बघणं माझंच काम.

वाऱ्याचंही तसंच. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तो मतलई, तोही दुबळा. ऊन चढलं की उलटं होतं. दिग्दर्शकाला पदर जमिनीच्या दिशेने उडायला हवा होता, आणि सकाळी सहाचा कॉल टाइम, म्हणजे हजर राहायची वेळ, दिली होती त्याच दृश्यासाठी. सहा ते नऊ आम्ही पडलेल्या पदराकडे बघत बसलो. प्रॉडक्शनच्या पोराने पालापाचोळा उडवायचं यंत्र आणलं होतं, ते लावलं. पदर उडाला खरा, पण त्याबरोबर वाळूही उडाली आणि गायिकेच्या डोळ्यांत गेली.

तेवढ्यात पलीकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला सुरुवात झाली. पंचवीस-तीस माणसं दोन्ही टोकांना दोर धरून जाळं किनाऱ्याकडे आणत होती. दिग्दर्शक म्हणाला, हे घेऊया. मी आणि गायिका विचारायला गेलो. ते हो म्हणाले, मासळी वाटून होईपर्यंत मध्ये यायचं नाही एवढीच अट. तिथे टोपली घेऊन उभी असलेली एक म्हातारी गायिकेकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. घोट्यावर रुळणारा काठ, खांद्यावरून सोडलेला लांब पदर. मग म्हणाली, "गो बाय, बाजाराक जातंस काय लग्नाक?"

यापेक्षा नेमकं परीक्षण मला आजवर कुणी दिलेलं नाही. पण त्या क्षणी मी ते विनोद म्हणून घेतलं आणि पुढे गेले.

लिंबू

साडेदहाला खडकांजवळच्या दृश्यात लाट आली आणि साडीचा खालचा हातभर भाग भिजला. नुसतं खारं पाणी असतं तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टाकलं असतं, काम झालं असतं. मी गायिकेचा दुसरा लुक बदलण्यात गुंतले होते. माझी मदतनीस हुशार मुलगी, नवी, मनापासून काम करणारी. तिने साडी जवळच्या घरी नेली, विहिरीवर बसली आणि वाळू निघेना म्हणून कपड्याचा साबण घासला.

मी पोचले तेव्हा ती रडत होती. हळदी कापडावर, काठाच्या वर वीतभर, लालभडक डाग पसरले होते. जखमेचे वाटावेत असे.

मला क्षणभर घाम फुटला, मग आठवलं. आपल्याकडे हळदीत चुना कालवून कुंकू करतात. हळदीचा पिवळा रंग क्षाराला भेटला की लाल होतो. साबण क्षारच. म्हणजे रंग मेलेला नाही, फिरलेला आहे, आणि आंबटाने परत फिरेल. त्या घरातल्या काकूंनी आमसुलाचं आगळ पुढे केलं. नको म्हटलं, त्याचा स्वतःचा लाल रंग बसेल. परसातली चार लिंबं तोडून दिली. मी लिंबू पिळायला घेतलं आणि देवाच्या कृपेने त्याआधी डिझायनरला फोन लावला.

"ताई थांब," ती ओरडली. "काळ्या काठाला लिंबू लागू देऊ नको. काळा उतरेल."

तिचं म्हणणं असं की तो काळा म्हणजे लोखंड आहे. आपण कपड्यावरचा गंजाचा डाग काढायला लिंबू लावतो ना, ते लिंबू इथेही लोखंडच ओढून काढणार. म्हणजे हळदीला हवं तेच काठाला नको. आणि डाग पडले होते नेमके दोघांच्या सीमेवर.

मग पडवीत साडी पाटावर ताणून धरली. काठाखाली प्लास्टिकची पिशवी, काठावर कोरड्या पंच्याची घडी. एका वाटीत लिंबाचा रस आणि त्याच्या चौपट पाणी, दुसरीत साधं पाणी. कापसाचा बोळा घट्ट पिळून, नुसता ओलसर करून, डागावर टेकवायचा. घासायचं नाही. लाल कडेकडून नारिंगी व्हायचा, मग पिवळा. लगेच साध्या पाण्याच्या बोळ्याने टिपायचं आणि पुढच्या डागाकडे जायचं. मदतनीसही डोळे पुसून दुसऱ्या बाजूने लागली. पाऊण तास आम्ही दोघी हेच करत होतो. डिझायनर फोनवर होती, मध्येच गप्प बसायची, तिचा श्वास ऐकू यायचा.

डाग गेले. एका जागी, सुपारीएवढ्या, काठाचा काळा उतरून तपकिरी झाला. एक थेंब पंच्यातून खाली गेला असणार. मी त्याचा फोटो काढून तिला लगेच पाठवला. या प्रकरणात मी वेळेवर केलेली जी थोडी कामं आहेत त्यातलं हे एक. नुकसान झालं की त्याच मिनिटाला सांगायचं, पॅक-अपनंतर नाही. तिचं उत्तर आलं, "बघू." एवढंच.

साडी उन्हात टाकता येत नव्हती. पडवीत दोरीवर सावलीत वाळवली. शूटिंग साडेतीनला पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी जे मिळालं

उशिराने फायदाच झाला. साडेतीनला खारा वारा भरात होता, पाणी मागे हटत होतं, ओहोटी सव्वापाचच्या सुमाराला. ओल्या वाळूचा आरसा झाला होता आणि सूर्य समुद्राकडे उतरत होता. दिग्दर्शकाने ती दृश्यं सेकंदाला ५० चौकटींनी घेतली, म्हणजे २५ च्या गतीवर ती निम्म्या वेगाने दिसतात. त्यासाठी गाणं दुप्पट वेगाने वाजवावं लागतं, नाहीतर ओठ जुळत नाहीत. गायिका चिपमंकसारख्या आवाजातल्या स्वतःच्या गाण्यावर भराभर ओठ हलवत चालत होती. आजूबाजूची पोरं पोट धरून हसत होती. आणि मॉनिटरवर मात्र तिचा पिवळा पदर सहा-सात फूट आडवा पसरून, चार काळे पट्टे दाखवत, संथ लाटेसारखा वर-खाली होत होता. जाड हातमागाचं कापड हळू गतीत फार सुरेख वाटतं. शिफॉन अशा वेळी नुसतं फडफडतं. हे कापड वजन घेऊन वळतं.

मी मॉनिटरचा फोटो डिझायनरला पाठवला. तिने पाच बदाम पाठवले. मला वाटलं, सुटलो.

"माझा पदर कुठाय?"

व्हिडिओ आला. आडव्या पूर्ण व्हिडिओत पदराची चार दृश्यं होती, तीही उत्तम. पण लोकांनी आधी पाहिले ते तीन रील, आणि बहुतेकांनी तेवढेच पाहिले. रील उभी. आडवी चौकट उभी करताना मधला भाग ठेवून दोन्ही बाजू कापल्या जातात. १९२० पिक्सेल रुंदीतले उरतात जेमतेम ६०७, म्हणजे एक तृतीयांशही नाही. मधोमध गायिकेचा चेहरा आणि खांदा. पदर खांद्यावरून निघून चौकटीबाहेर. संपूर्ण रीलमध्ये डिझायनरच्या कामाचा पुरावा म्हणजे पिवळ्या रंगाचा एक तुकडा. तो कुठल्याही दुकानातल्या पिवळ्या साडीचा असू शकला असता. तिचं नाव पूर्ण व्हिडिओखालच्या मजकुरात, "आणखी पाहा" दाबल्यावर. रीलवर नावच नाही.

ती रागावली होती, पण तिचं वाक्य साधं होतं. "तू म्हणालीस पदर नीट दिसेल."

मी दिग्दर्शकाला फोन केला. तो म्हणाला, पदर दिसतोय की, चार शॉट आहेत, नाव दिलंय, अजून काय पाहिजे? त्याच्या बाजूने तो खरं बोलत होता. त्याने आडवा व्हिडिओ बनवला. रील कापल्या त्या एका संकलकाने, गायिकेच्या घाईपोटी, एका रात्रीत. गायिकेला वाटलं, गाणं पोचतंय, सगळ्यांचाच फायदा. कुणीही खोटं वागलं नव्हतं. भांडण असं असलं की मिटवायला जास्त त्रास होतो, कारण माफी मागायला कुणी पुढे येत नाही.

माझ्यापुरतं मी मान्य केलं ते असं. "दिसेल" हे वचन मी दिलं, पण कुठे, किती वेळ, कुठल्या चौकटीत, हे काहीच विचारलं नाही. रील उभ्या असतील हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? दिवसभर मीही तेच बघते. आडवा उडणारा पदर उभ्या चौकटीत मावत नाही हे कळायला कॅमेरा शिकावा लागत नाही. काका म्हणालेच होते, वाऱ्याला दिला की तुमचा राहणार नाही.

डिझायनरचीही एक चूक मी तिला नंतर सांगितली. नैसर्गिक रंगाची एकमेव साडी देताना साबण लावू नका, लिंबू लावू नका, उन्हात टाकू नका, रिठ्याने धुवा, अशी चार ओळींची चिठ्ठी सोबत यायला हवी होती. तिने ते मान्य केलं. वरून म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत असेल." मला अर्धंच माहीत होतं.

पाखाडी

उपाय गायिकेने सुचवला. तिच्या आजोळी, परुळ्याच्या बाजूला, जांभ्या दगडाची एक उतरती पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, आहे, दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि वर काजूची झाडं. अर्धा दिवस काढायचा, एकच दृश्य घ्यायचं, आणि कॅमेरा सुरुवातीपासूनच उभा धरायचा. कॅमेरामनने पैसे घेतले नाहीत, फक्त पेट्रोल. माझाही दिवस फुकट. दिग्दर्शक आला नाही. त्याने संकलकाला पाठवलं, आणि ते बरंच झालं, कारण कापणारा माणूस या वेळी जागेवर होता.

डिझायनर स्वतः आली. काकाही आले. या वेळी नेसण पूर्ण त्यांच्या हाती दिली. त्यांनी साडी पोटरीपर्यंत घेतली, पदर कमरेला फिरवून खोचला, आणि पदराचं टोक मात्र मागे पाठीवर मोकळं सोडलं, चारही पट्टे दिसतील असं. गायिका डोक्यावर रिकामी टोपली घेऊन पायऱ्या चढत वर गेली. कॅमेरा खाली, तिच्या पाठीमागे. उभ्या चौकटीत खाली लाल जांभा, मधे पिवळी पाठ आणि काळे पट्टे, वर हिरवं. वाऱ्याची गरजच पडली नाही. पायऱ्या चढताना कमरेच्या हालचालीने पट्टे आपोआप डावी-उजवीकडे झुलत होते.

काजूचे बोंडू पिकायला लागले होते. मी पाखाडीवर पडलेले सगळे बोंडू आधी वेचून काढले. त्याच्या रसाचा डाग ना लिंबाने जातो ना साबणाने, आणि आता मी कुठलाही नवा प्रयोग करणार नव्हते.

ते दृश्य एकोणीस सेकंदांचं रील म्हणून गेलं. डिझायनरचं नाव पहिल्या सेकंदापासून पडद्यावर. खाली दुसरं नाव काकांचं, "नेसण" या शब्दासमोर. हा शब्द मी मुद्दाम घातला. ड्रेपिंग लिहा असं संकलक म्हणत होता. काकांना मी विचारलं, चालेल ना? ते म्हणाले, "चालताला. पण नाव दशावतारी म्हणान घाला, साडीवालो म्हणान नको."

शेजारी गोव्यात वेंडेल रॉड्रिग्स यांनी कुणबी साडी नव्याने विणून घेऊन फॅशनच्या दुनियेत नेली. तेव्हापासून अशा कामांत श्रेय कुणाचं, विणणाऱ्याचं, नेसणाऱ्या समाजाचं की डिझायनरचं, हा प्रश्न या पट्ट्यात वरचेवर निघतो. आमच्या छोट्या प्रकरणात तो एका ओळीने थोडासा हलका झाला, इतकंच म्हणेन. त्या गाबीत म्हातारीचं नाव आम्ही कुठेच घातलेलं नाही, आणि सगळ्यात मोलाची सूचना तिची होती.

देणंघेणं

साडीची किंमत १४,००० रुपये होती. काठाच्या डागाबद्दल ७,००० द्यायचे ठरले. त्यातले ५,००० गायिकेने दिले, २,००० माझ्या मानधनातून गेले. मदतनीसाकडून काही घेतलं नाही. तिला साबण लावू नकोस असं सांगायचं मीच राहून गेले होते. डिझायनरने डागाच्या जागी पुन्हा हिरडा आणि लोखंडाचं पाणी लावलं. जागा माहीत असेल तरच सापडते.

त्यानंतर मी उसने कपडे घेताना एक पान भरून घेते. दिग्दर्शकाला विचारते: आडवं की उभं, की दोन्ही? दोन्ही असेल तर उभं वेगळं घेणार की आडव्यातून कापणार? कपड्याचा कुठला भाग दिसायलाच हवा, हे डिझायनर स्वतःच्या हाताने चित्र काढून दाखवते, आणि तो भाग किमान एका उभ्या दृश्यात असेल यावर दिग्दर्शक सही करतो. नाव रीलवर कुठल्या सेकंदाला येणार तेही त्यात. धुण्याची चिठ्ठी कपड्याला टाचलेली. आणि समुद्रावरचं काम असेल तर पानाच्या डोक्यावर तिथी लिहिते, शेजारी तिची पाऊणपट. दोन दिग्दर्शकांनी हे पान बघून तोंड वाकडं केलं. एकाने काम दुसऱ्या स्टायलिस्टला दिलं. तिला मी ओळखते, ती "होईल" म्हणते.

चैत्रात एका गावच्या धयकाल्याला, म्हणजे दशावताराच्या खेळाला, काकांनी तीच साडी नेसली. डिझायनरने आपण होऊन दिली होती. आम्ही दोघी गेलो, मंडपात चटईवर बसलो. रात्री दीडच्या सुमाराला काका राणी होऊन आले. पदर कमरेला खोचलेला, काठ पोटरीवर. डिझायनरने मोबाइल काढला, आडवा धरला, मग उभा केला.

साडी दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा खांद्याजवळ रंगभूषेचा गुलाबी डाग होता. तो कशाने काढायचा यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.